न फाटणारा आवाज

रविवार, १ ऑक्टोबर १९८९

आज क्लेमेंतिनाच्या बारमध्ये चौघांनी आपली नावं वाजवून घेतली आणि चौघांपैकी एकालाही आपलं नाव ऐकू आलं नाही.

नाव वाजवणं हाच आमच्या बँडचा खरा धंदा आहे. गाणं रंगात आलं की कोणीतरी उठतो, माझ्यासमोरच्या परातीत नाणं टाकतो आणि आमचा गायक ओबुया गाणं थांबवतो. मग तो माणूस आपली तारीफ सांगतो. मी अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा जावई, सरोवरातला सगळ्यात मोठा मासा माझंच जाळं शोधत येतो, वगैरे. ओबुया ते नाव गातो आणि त्याच्यामागून गिटार तेच तारांवर म्हणते. गिटारीने म्हटल्याशिवाय नाव पुरं होत नाही. बढाई घरीही मारता येते. बारमध्ये माणूस ती गिटारीच्या तोंडून ऐकायला येतो.

ईस्टरला ओबुयाने ड्रम आणले. त्या दणदणाटात ऐकू यावं म्हणून गिटारवाला ओयो जुन्या अ‍ॅम्पचं बटण शेवटपर्यंत फिरवतो, आणि शेवटपर्यंत गेलं की आवाज फाटतो. आज एक लाकडाचा व्यापारी मला म्हणाला, "मी माझं नाव सांगितलं आणि तुमच्या गिटारीने घसा खाकरला."

सगळे गेल्यावर क्लेमेंतिना माझ्यासमोर येऊन बसली. बार तिचा आहे.

"डोर्सिला, स्वातंत्र्यदिनापर्यंत बघते. बारा डिसेंबरला माझं घर भरणार. तोवर गिटारीचा बरा डबा आण. नाहीतर मी किसुमूहून तबकड्या वाजवणारा माणूस आणते. त्याला एकट्यालाच जेवायला घालावं लागतं."

मी म्हटलं, बघते.

बुधवार, ४ ऑक्टोबर

बँड माझ्या नवऱ्याचा, ओग्वेनोचा होता. वाद्यं ज्याची त्याचा बँड, असं आमच्याकडे आहे, म्हणून तो आता माझा आहे. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. मी दारात परात घेऊन बसते.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं लग्नानंतर शिकले, साबणाच्या खोक्यांवरून आणि प्रार्थनेच्या पुस्तकावरून. इंग्रजी शिकले ते ओग्वेनोच्या अ‍ॅम्पबरोबर आलेल्या पुस्तिकेवरून. त्यामुळे 'पाण्यापासून दूर ठेवा' आणि 'उघडू नये' हे मला फार चांगलं येतं. आज शाळेतल्या मास्तरांकडून रेडिओदुरुस्तीचं जाड पुस्तक मागून आणलं. तीन पानं वाचायला संध्याकाळ गेली. त्यात लिहिलं आहे की आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर ताकद दहापट लागते. म्हणजे तीस वॉटच्या जागी साठचा डबा आणला तर फरक जेमतेम कळेल. नुसत्या वॉटांवर जाऊ नये. स्पीकर किती आणि केवढे हेही बघावं.

हे कोणी माझ्या सासूबाईंना सांगितलेलं नव्हतं. त्या दहापट ताकद लावायच्या आणि आम्हाला तेवढंच ऐकू यायचं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

ओयोला घेऊन किसुमूला गेले. ओयो मिगोरीकडचा, तिशीचा, कमी बोलणारा. ओग्वेनो आजारी पडला तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आला होता. ओग्वेनोला जाऊन या मंगळवारी वर्ष होईल.

जयंतीभाईंच्या दुकानात शंभर वॉटचा एक अ‍ॅम्प आहे. दोन स्पीकर, बारा इंची. माझी परीक्षा मी घरून ठरवून गेले होते. ओयोने दुकानात वाजवायचं, मी रस्ता ओलांडून पाठ करून उभं राहायचं. वाजवायचं काय, तर ओग्वेनोची सही. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो ती टाकायचा: 'ओग्वेनो, आगेरचा पोर, उठला की सरोवर उठतं.' बटण आधी निम्म्यावर, मग शेवटपर्यंत.

शेवटपर्यंत नेलं तरी फाटला नाही. शब्दन् शब्द कळला. माझ्याशेजारी केळी विकणारी बाई म्हणाली, "छान वाजवतोय. कोण आहे?"

मी परत दुकानात गेले. म्हटलं, कापड बरं नाही. पुढच्या बाजूला लावलेलं कापड शवपेटीच्या अस्तराच्या रंगाचं आहे.

"वहिनी," ओयो म्हणाला, "कापड वाजत नाही."

"लोक समोर बसून तेच बघणार."

जयंतीभाई म्हणाले, बाई, दुसरं कापड लावून देतो. मी म्हटलं, मूळचंच बरं नसेल तर बदलून काय उपयोग. आम्ही चहा पिऊन बसने परत आलो. ओयोने खिडकीची जागा घेतली आणि आमचं ओयुगिस येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिला.

रविवार, २९ ऑक्टोबर

काल होमाबेच्या चर्चमध्ये व्हॉल्व्हचा एक अ‍ॅम्प बघितला. चर्चला नवा मिळाला म्हणून हा विकायचा आहे. आवाज गोड आहे आणि चांगला वर जातो. पण जड आहे आणि आमचे रस्ते खराब. खड्ड्यात काचेचे व्हॉल्व्ह फुटायचे.

ओयो म्हणाला, मी मांडीवर घेऊन बसेन. मी म्हटलं, तू कायम बसशील का.

आज क्लेमेंतिनाकडे तिघांनी नावं वाजवून घेतली. गेल्या रविवारी पाच होती.

रविवार, ५ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते. दारात बसले की माझी पाठ बँडकडे असते. गिटारीची पाळी आली की ओबुया अजूनही हाक मारतो, "ओग्वेनो, बोल!" तो ओग्वेनोचा बालमित्र, वीस वर्षं तीच हाक मारत आला आहे. ती बदलायची तर वाद्यांच्या मालकाने सांगावं लागतं, आणि मी सांगितलेलं नाही, कारण मला कोणी विचारलेलं नाही. ओयो मग ओग्वेनोचंच वाजवतो. आवाज फाटला की बोटं कोणाची ते कळत नाही. तेवढी दोन-चार मिनिटं बरी जातात.

आज दोघांनीच नाव वाजवून घेतलं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

अबोन्यो ओमेना, म्हणजे सरोवरातले बारके सुके मासे, निवडत बसली होती. ती माझी सवत. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि हे तिच्या ध्यानात असतं. मला ती माहेरच्या गावावरून हाक मारते.

"काय काबोंडोकरीण, मिळाला का डबा?"

"होमाबेचा जड होता."

"आणि किसुमूचा?"

"कापड बरं नव्हतं."

"डबा बघतेस की सून बघतेस?" तिने एक खडा उचलून कोंबडीला मारला. "मला या घरात आणलं तेव्हा तू एवढी खोट काढली नव्हतीस."

"तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

ती खूप हसली. मग ओमेना चाळत म्हणाली, "हे बघ, आपण दोघी एकाच थडग्याच्या बायका. मला झोप लागते आता. तुला लागते का?"

"लागते की."

वहीत खोटं लिहू नये. लागत नाही.

"मग डबा घे एकदाचा," ती म्हणाली. डब्याचा आणि झोपेचा काय संबंध ते तिने सांगितलं नाही. ती एका गोष्टीवरून दुसरीवर अशीच उडी मारते.

शनिवार, १८ नोव्हेंबर

किसीला एका मोडलेल्या बँडचं सामान विकायला आहे. अ‍ॅम्प साठ वॉटचा, पण स्पीकर चार. पुस्तकाप्रमाणे हे चालायला हवं, आणि चाललंही. ड्रम बरोबर नेले होते. ड्रमवाल्याने जीव खाऊन बडवले तरी गिटार वर राहिली.

मी रस्त्यापलीकडून ऐकलं आणि परत आले. म्हटलं, फारच स्वच्छ आहे. धुतलेल्या ताटासारखा. त्यात जेवण कुठे आहे.

ओयोने गिटार खाली ठेवली. "दुसरं काही वाजवू का? माझं एखादं?"

"नको. मग तुलना करता येणार नाही."

"कशाशी?"

"आधीच्या डब्यांशी."

तो मान खाली घालून केबल गुंडाळत राहिला. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, कुठलाही डबा घेतला तरी त्यातून मीच येणार."

"ते मला कळतं," मी म्हटलं. "गिटार तूच वाजवतोस."

ड्रमवाला उगाचच बाहेर गेला.

मग ओयोने सांगितलं की मिगोरीच्या एका बँडने त्याला बोलावलं आहे. तिथे अ‍ॅम्प चांगला आहे. गाण्यात त्याचं नाव घेतील असंही म्हणालेत. "स्वातंत्र्यदिनापर्यंत थांबतो. तोवर जमलं तर जमलं. मला भांडायचं नाही."

मलाही भांडायचं नव्हतं. पण ओयो गेला तर बँड संपला. ओबुयाला गाण्याशिवाय काही येत नाही, आणि बाकी तिघांना तेवढंही येत नाही. पाच घरं यावर चालतात, सहावं आमचं. आणि बँड संपला की ओग्वेनोची गाणी वाजवणारं कोणी उरत नाही. हे मी बसमध्ये पुनःपुन्हा मोजलं. मोजून काही वेगळं आलं नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

एकानेच नाव वाजवून घेतलं. तो प्यायलेला होता, त्याला काहीही चाललं असतं.

रविवार, २६ नोव्हेंबर

आज दुपारी कोसेलेचा ओगाडा आला. सुतार आहे. इतक्या वर्षांत त्याने कधी परातीत नाणं टाकलं नाही, दाराशी उभा राहून दोन गाणी ऐकतो आणि जातो. आज त्याने नाणं टाकलं, आत गेला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. ओबुयाने गाणं थांबवलं.

"माझं नाव नको," ओगाडा म्हणाला. "माझ्या आईचं. मिरियामा, कासिपुलची लेक. तिच्या हातची भाकर मऊ असायची. गुरुवारी पुरली तिला."

ओबुयाने नाव चांगलं गायलं. मग ओयोने वाजवलं आणि डबा फाटला. नुसती खरखर. ओगाडा कान पुढे करून ऐकत होता. त्याने विचारलं, "झालं का?"

ओबुया म्हणाला, "झालं, भाऊ."

"परत एकदा वाजवाल का? मला कळलं नाही."

ओयोने परत वाजवलं. बटण कमी केलं तर ड्रमखाली बुडालं. ओबुयाने ड्रमवाल्याला थांबवलं, तर नाचणारी माणसं ओरडायला लागली. ओयोने तिसऱ्यांदा बटण वर नेलं आणि परत तेच झालं.

ओगाडा दाराशी आला. तो चिडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो हळूच म्हणाला, "बाई, माझ्या आईचं नाव होतं ते."

मी परातीतलं नाणं काढून पुढे केलं. त्याने घेतलं नाही. टोपी घातली आणि कोसेलेच्या रस्त्याला लागला. चालत दीड तास लागतो.

नंतर ओबुयाने हाक मारली, "ओग्वेनो, बोल!" आणि डबा पुन्हा फाटला. आज ती दोन-चार मिनिटं बरी गेली नाहीत. मी परात घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसले.

बुधवार, २९ नोव्हेंबर

ओयोला घेऊन किसुमूला. जयंतीभाईंकडचा शंभरचा तसाच होता. त्यांनी विचारलं, "कापड बदलू का?" मी म्हटलं, राहू दे.

या वेळी रस्ता ओलांडला नाही. दुकानातच समोर उभी राहिले. ओयोने सवयीने ओग्वेनोची सही सुरू केली. मी म्हटलं, ती नको, ओगाडाच्या आईचं नाव वाजव.

त्याने वाजवलं. मिरियामा, कासिपुलची लेक. 'कासिपुल'चा शेवट त्याने जरा लांबवला, म्हातारीला हाक मारावी तसा. बटण शेवटपर्यंत होतं. जयंतीभाईंच्या कपाटातल्या काचा थरथरत होत्या, पण नाव थरथरलं नाही.

घेतला. पैसे वर्षभर तसेच पडून होते, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसच्या टपावर ठेवू दिला नाही, दोन जागांचं तिकीट काढलं. कंडक्टर म्हणाला, "आजारी आहे का कोणी?" ओयो हसला. त्याचे वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. हे मी आज पाहिलं.

रविवार, ३ डिसेंबर

नव्या डब्यावर बारमध्ये पहिल्यांदाच वाजवलं आणि दुसऱ्या गाण्याला आवाज फाटला. मग थांबला. मग परत फाटला. ओयोने डब्याला हात लावून बघितलं, केबल बदलली, मग कान देऊन उभा राहिला आणि स्वयंपाकघरात गेला. क्लेमेंतिनाचा फ्रीज. तो सुरू झाला की विजेचा दाब पडतो आणि शंभर वॉटही गरिबासारखे बोलतात. हे पुस्तकात नव्हतं.

मी क्लेमेंतिनाला सांगितलं, गाणं चालू असताना फ्रीज बंद ठेवायचा.

"आणि गरम बिअर कोण पिणार?"

"ओयुगिसमध्ये थंड बिअर कोण पितं ते सांग."

तिने विचार केला. "माझा भाचा पितो. नैरोबीला असतो."

"मग तो येईल तेव्हा बघू."

फ्रीज बंद झाला. ड्रमवाला नवीन डब्याला घाबरून आज हळू वाजवत होता, त्यामुळे खरं काही कळलं नाही. ओयो अजून मिगोरीबद्दल काही बोललेला नाही. मीही विचारलं नाही. कोसेलेला निरोप पाठवला आहे, स्वातंत्र्यदिनाला ये म्हणून.

मंगळवार, १२ डिसेंबर, स्वातंत्र्यदिन

घरी आल्या आल्या लिहिते आहे. अजून उजेड आहे.

क्लेमेंतिनाचं घर दुपारी एकलाच भरलं. झेंडावंदन उरकून शाळामास्तर, मासेवाल्या, चीफचा कारकून, सगळे आले. अबोन्योही आली, डोक्याला नवीन रुमाल बांधून. म्हणाली, डबा बघायला आले. दुपारभर तिने डब्याकडे एकदाही बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होती.

पहिलं नाणं ओगाडाने टाकलं. नवं घेऊन आला होता. तेच बोलला, तेवढंच. ओबुयाने गायलं आणि गिटारीने म्हटलं. ड्रम पूर्ण जोरात होते, लोक नाचत होते, आणि त्या सगळ्यावरून मिरियामा, कासिपुलची लेक, स्वच्छ गेली. रस्त्यावर सायकल धरून उभा असलेला माणूसही "मिरियामा" म्हणाला. ओगाडाने टोपी काढली, बाकावर बसला आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसून राहिला.

मग परात भरायला लागली. मी मोजत नव्हते.

चौथ्या की पाचव्या गाण्याला गिटारीची पाळी आली. ओबुयाने डोळे मिटले आणि नेहमीसारखी हाक मारली, "ओग्वेनो, बोल!"

आणि गिटार बोलली. ओग्वेनोची सही, शब्दन् शब्द तीच. पण ते बोट ओग्वेनोचं नव्हतं. ओग्वेनो 'आगेर'वर तार दाबून सोडायचा, हा सरळ छेडतो. ओग्वेनो घाईत असायचा, याला घाई नाही. डब्याने काही झाकलं नाही. मला ऐकू आलं, ओबुयाला ऐकू आलं, त्याने डोळे उघडले. नाचणारे थोडे सैल झाले. भिंतीशी बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, मोठ्याने, कारण त्याला कमी ऐकू येतं, "ओग्वेनो तर मेलाय ना? मी त्याच्या मातीला होतो."

कोणी हसलं नाही. ओयो वाजवत होता. त्याने मान वर केली नाही. वर्षभरात कितीदा मान वर केली नसेल ते मला माहीत नाही, माझी पाठ असायची.

मी उठले. माझ्याच परातीत नाणं टाकलं. परातीच्या मालकिणीने नाणं टाकायचं की नाही असा नियम कुठे नाही, पण कोणी टाकत नाही. ओबुयाने गाणं थांबवलं.

वीस वर्षांत मी तिथे उभी राहून बोलले नव्हते. म्हटलं, "मी डोर्सिला, काबोंडोची लेक. ओग्वेनो आगेर माझा नवरा. माझ्या घराच्या उजव्या हाताला तो झोपलाय. त्याला हाक मारू नका, तो येत नाही."

एवढं बोलून श्वास घ्यावा लागला. अबोन्योने रुमालाचं टोक तोंडात धरलं होतं.

"गिटार वाजवतोय तो ओयो," मी म्हटलं. मग पुढे तारीफ करायची असते, बापाचं नाव घ्यायचं असतं, आईचं, गावाचं. मला एकही ठाऊक नव्हतं. चौदा महिने तो माझ्या घरी जेवतो आहे. मला तिथेच विचारावं लागलं, सगळ्यांसमोर.

"तुझ्या आईचं नाव काय रे?"

"सेलिना," ओयो म्हणाला. मग मोठ्याने परत म्हणाला. "सेलिना. कान्यामकागोची. मडकी विकते."

"ओयो," मी म्हटलं, "सेलिनाचा मुलगा. तिचं मडकं गळत नाही."

लोक ओरडले. फार मोठी तारीफ नव्हती, पण मला तेवढीच सुचली. ओबुया माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. त्याने घसा साफ केला आणि हाक मारली, "ओयो, बोल!" पहिल्यांदा जरा अडखळला. दुसऱ्यांदा नीट मारली.

ओयोने आईचं नाव वाजवलं. मी परातीकडे परत गेले नाही, समोरच उभी राहिले. दुसऱ्या वेळी वाजवताना 'कान्यामकागो'वर त्याची एक तार चुकली. चूकही सगळ्या बारला स्वच्छ ऐकू गेली, आणि तो हसला, ते दोन दात दाखवत, आणि पुढे वाजवत राहिला.

ओग्वेनोची तार कधी चुकायची नाही, असं मी लिहिणार होते. पण ते खरं नाही.